फरशीवर पडणारा पाऊस

चिठ्ठीवर तीनच शब्द होते, ‘सीटी राइट शोल्डर’, आणि खाली सही. चिठ्ठी घेऊन आलेली मुलगी १९ वर्षांची, कबड्डी खेळणारी. उजवा हात तिने डाव्या हाताने कोपरापाशी तोलून धरला होता. ज्यांचा खांदा पुन्हा पुन्हा निखळतो ती माणसं दुखत नसतानाही हात असाच धरून बसतात. शेजारी आई, मांडीवर जुन्या एक्स-रेची पाकिटं. आमचा टेक्निशियन चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. “मॅडम, नेहमीचाच प्रोटोकॉल लावू ना?”

नेहमीचा प्रोटोकॉल म्हणजे यंत्रात आधीच भरून ठेवलेली मांडणी: किती केव्ही (किरणांचा जोर), किती एमए (किरणांची संख्या), किती जाडीचे काप, कुठून कुठपर्यंत. तो लावला की खांद्याचं चित्र गुळगुळीत, देखणं येतं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि ऑर्थोच्या डॉक्टरांना फोन लावला. दीड मिनिटात सगळं कळलं. खांदा वर्षभरात तीनदा निखळला होता. त्यांना स्कॅनमधून एकच गोष्ट हवी होती: खांद्याच्या बशीची (दंडाच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो ती) पुढची कड किती तुटली आहे, टक्क्यांत. त्या आकड्यावर ठरणार होतं, दुर्बिणीतून नुसतं शिवून भागेल की हाडाचा तुकडा आणून तिथे बसवावा लागेल.

एवढं कळलं आणि त्या मुलीच्या अंगावर पडणारं रेडिएशन निम्म्याहून खाली आणता आलं. यंत्र तेच, खोली तीच, माणसं तीच. ते कसं, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माणसाच्या शरीराचा जगभर गाजलेला पहिला एक्स-रे हा सांध्यांचाच होता. २२ डिसेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांनी आपल्या पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला सांगितला. त्यात बोटांची पेरं दिसली, त्यांच्यामधल्या फटी दिसल्या आणि अंगठी दिसली. हात कित्येक मिनिटं तसाच ठेवावा लागला होता. किती किरण पडले याचा हिशोब कुणी ठेवला नाही, कारण ठेवायचा असतो हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पुढे ७६ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमधल्या विम्बल्डनच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा आडवा काप दाखवला आणि सीटी स्कॅन जन्माला आला. त्या पहिल्या चित्रात ८० बाय ८० चौकोन होते. आज एका कापात ५१२ बाय ५१२ असतात. हे चौकोन बारीक होत गेले आणि तिथूनच डोस आणि चित्र यांच्यातली ओढाताण सुरू झाली.

ही ओढाताण समजायला मला शाळेच्या पटांगणातला वळवाचा पाऊस आठवतो. शहाबादी फरशी तापलेली असते. पहिले टपोरे थेंब पडतात. एका फरशीवर सात, शेजारच्या फरशीवर तीन, तिसरी अगदी कोरडी. आकाशातून पाऊस सगळीकडे सारखाच येतोय, पण खाली पाहिलं तर फरशी ठिपक्याठिपक्यांची दिसते. पाऊस वाढत जातो तसा हा फरक बुजतो आणि थोड्या वेळाने सगळं अंगण एकसारखं ओलं होतं. क्ष-किरणांचे कण, म्हणजे फोटॉन, अगदी असेच पडतात. एका चौकोनाच्या वाट्याला सरासरी १०० आले तर प्रत्यक्षात कुठे ९०, कुठे ११०; म्हणजे १० टक्क्यांचा चढउतार. वाट्याला १०,००० आले तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. पडद्यावर हा चढउतार दाणेदार दिसतो. आम्ही त्याला नॉइज म्हणतो.

आता यातला व्यवहार बघा. दाणे दहापट कमी करायला पाऊस शंभरपट पाडावा लागला. दाणे निम्मे करायचे तर डोस चौपट. आणि फरशा लहान केल्या, तर तेवढ्याच पावसात प्रत्येक फरशीवर थेंब कमी पडणार. सीटीतली फरशी सपाट नसते, ती चिमुकली घनाकृती पेटी असते. ही पेटी लांबी, रुंदी, जाडी तिन्हीकडून निम्मी केली की तिचा आकार आठपट लहान होतो. शिवाय गणिताने चित्र परत उभं करताना बारीक कडांबरोबर दाणेही उठून येतात, त्याचे आणखी दुप्पट धरा. म्हणजे दुप्पट बारकावा हवा आणि दाणे मात्र पूर्वीइतकेच राहायला हवेत, असा हट्ट धरला तर डोस सोळापट करावा लागतो. सोळापट! ‘जरा अजून क्लिअर काढा ना’ असं फोनवर सहज म्हणणाऱ्या माणसाला हा आकडा माहीत असायला हवा.

सुदैवाने हाड फार दिलदार आहे.

सीटीमध्ये प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळतो. त्या मोजमापाला हाउन्सफिल्ड यांचंच नाव आहे. पाणी ०. हवा उणे १०००. चरबी साधारण उणे १००. स्नायू ५०-६०. हाडाच्या आतला जाळीदार भाग दोन-तीनशे आणि बाहेरचं कठीण कवच १००० च्या वर. समजा चित्रातले दाणे ३० चे आहेत. यकृतातली गाठ आणि तिच्या शेजारचं निरोगी यकृत यांच्यात फरकच २० चा असेल, तर गाठ त्या दाण्यांत बुडून जाईल आणि डॉक्टर ‘नॉर्मल’ म्हणून मोकळा होईल. पण हाडाची कड आणि शेजारचा स्नायू यांच्यात फरक आहे हजाराचा. तिथे ३० चे दाणे काय, ६० चे असले तरी कड कुठे संपते ते डोळ्याला स्पष्ट दिसतं. रेताड जमिनीत मोहरी शोधायची आणि रेताड जमिनीत नारळ शोधायचा, इतका फरक आहे.

म्हणून पोटाच्या स्कॅनची मांडणी उचलून सांध्याला लावणं ही उधळपट्टी आहे. आणि ती सर्रास होते, कारण दाणेदार चित्र पाहिलं की सगळ्यांनाच ते ‘खराब’ वाटतं. टेक्निशियनला वाटतं, डॉक्टर रागावतील. डॉक्टरला वाटतं, सर्जन म्हणतील की या सेंटरची मशीन जुनी आहे. सर्जनच्या हातात जाणारी फिल्म गुळगुळीत असावी म्हणून एमए वाढतो. तो वाढलेला एमए ज्याच्या अंगातून जातो, त्याला या गुळगुळीतपणाचा काडीचा उपयोग नसतो.

खांद्यासाठी एमए कमी केला तरी बारकावा सोडावा लागत नाही. आम्ही माहिती गोळा करतो अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या कापांत. ते एकेक काप दाणेदार असतात, आणि असू द्यावेत. वाचताना त्यातले तीन-चार जोडून दोन मिलिमीटरचा काप केला की चार फरशांवरचे थेंब एकत्र मोजले जातात आणि दाणे बसतात. पातळ काप त्रिमितीय चित्रासाठी, जाड काप वाचण्यासाठी. तसंच, एकाच कच्च्या माहितीतून हाडासाठी धारदार आणि मांसासाठी मऊ, अशी दोन्ही चित्रं बनवता येतात. त्यासाठी रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागत नाही, एक फोटॉनही जास्तीचा लागत नाही. नवीन आलेल्या प्रत्येक टेक्निशियनला मी हे पहिल्या आठवड्यात सांगते, कारण पातळ कापातले दाणे बघून घाबरणं हीच वाढत्या डोसची पहिली पायरी असते.

मुलीच्या आईने दारातच विचारलं, “डॉक्टर, ह्यानं पुढं पोरीला काय होत न्हाई ना? लग्नाची पोर हाय.” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते आणि ‘काही होत नाही हो’ म्हणून तो झटकणं मला आवडत नाही. म्हणून इथे थोडे आकडे.

आपण सगळेच जमिनीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून येणारं रेडिएशन रोज घेत असतो. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. सांध्यांच्या सीटीचे आकडे या तुलनेत बघावेत. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगटाचा स्कॅन ०.०३ मिलिसिव्हर्ट भरला, घोट्याचा ०.०७, कोपराचा ०.१४, गुडघ्याचा ०.१६. आणि खांद्याचा? २.०६. खुब्याचा ३.०९. मनगटापासून खुब्यापर्यंत शंभरपट फरक. सगळे सांधेच, पण एकाच मापाने मोजण्यासारखे नाहीत.

कारण मिलिसिव्हर्ट हा आकडा फक्त किती किरण पडले ते सांगत नाही, ते कुणावर पडले तेही त्यात मिसळलेलं असतं. स्तन, फुप्फुस, जठर, मोठं आतडं आणि हाडातला लाल मगज हे सर्वांत नाजूक. थायरॉइड त्याखालोखाल. कातडी आणि हाडाचा पृष्ठभाग बरेच सोशिक. मोठ्या माणसाच्या मनगटात किंवा घोट्यात यातलं नाजूक असं जवळजवळ काहीच नसतं; तिथला लाल मगजसुद्धा वाढत्या वयात पिवळा होऊन गेलेला असतो. खांद्याच्या कापात मात्र फुप्फुसाचं टोक येतं, थायरॉइड जवळ असतं आणि मुलगी असेल तर स्तनाचा वरचा भाग किरणांच्या वाटेत येतो.

धोक्याचा जो हिशोब आपण मांडतो तो मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या दीर्घ अभ्यासातून आला आहे. तिथल्या मोठ्या डोसांचा अनुभव सरळ रेषेत खाली आणला तर १ मिलिसिव्हर्टला साधारण २० हजारांत एक, इतका प्राणघातक कॅन्सरचा जादा धोका निघतो. लहान वयात तो अधिक धरतात. एका व्यक्तीपुरता हा आकडा नगण्य वाटतो. पण देशभरात रोज किती स्कॅन होतात याचा विचार केला की अनावश्यक मिलिसिव्हर्ट कुठेतरी कुणाच्या तरी खात्यावर जमा होतोच. मी आईला एवढंच सांगितलं, “ताई, वर्षभरात निसर्गाकडून अंगावर जेवढं येतं त्याहून कमीत करणार आहोत. आणि ओटीपोटावर थेट काही पडत नाही.” पोर आत गेल्यावर आमच्याकडच्या महिला टेक्निशियनने तिला एकटीला पाळीची तारीख विचारली. ‘गरोदर असल्यास आधी सांगा’ अशी पाटी दारावर आहे, तरीही विचारायचंच असतं, आणि आईसमोर विचारायचं नसतं.

आईचा दुसरा प्रश्न जास्त मार्मिक होता: तुम्ही ते शिशाचं जाकीट घालता, पोरीला का नाही? वर्षानुवर्षं आम्ही रुग्णाच्या अंगावर शिसं ठेवायचोच. पण शिसं किरणांच्या वाटेत आलं तर यंत्राला वाटतं की समोरचा माणूस फार जाड आहे आणि ते आपणहून एमए वाढवतं. वाटेबाहेर ठेवलं तर फायदा अगदीच नाममात्र, कारण दूरच्या अवयवांपर्यंत जे थोडं पोहोचतं ते बहुतेक शरीराच्या आतूनच विखरून गेलेलं असतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये जननेंद्रियांवर शिसं ठेवायची ही प्रथा थांबवायचा सल्ला दिला. हे लोकांना पटवणं अवघड जातं. शिसं दिसतं; कमी केलेला एमए दिसत नाही.

आता खांदाच एवढा अवघड का, ते बघू. क्ष-किरणांचा झोत शरीरातून जाताना साधारण दर चार सेंटिमीटरला निम्मा होतो. माणसाची छाती पुढून मागे २० सेंटिमीटर धरली तर पाच वेळा निम्मा: बत्तिसातला एक फोटॉन पलीकडे पोहोचला. पण ट्यूब फिरत फिरत बाजूला आली की तिला एका खांद्यातून शिरून दुसऱ्या खांद्यातून बाहेर पडायचं असतं. ४० सेंटिमीटर धरा. दहा वेळा निम्मा: हजारातला एक. वाटेत दोन्ही बाजूंची हाडं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तिकडच्या फरशा जवळजवळ कोरड्या राहतात आणि चित्रावर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवे पट्टे उमटतात. नेमके बशीवरून जाणारे. आळशी उपाय म्हणजे एमए वाढवणं. हजारातला एक जातोय तर हजार जास्त पाठवा.

दुसरा उपाय फुकटचा आहे. न दुखणारा हात डोक्यावर घ्यायला सांगायचा. त्याने दुसरा खांदा वर सरकतो, दोन्ही खांदे एका रेषेत राहत नाहीत, आणि झोताला हाडांचा एक अख्खा डोंगर कमी ओलांडावा लागतो. दुखरा हात अंगालगत, कोपराखाली उशी, मनगटावर हलका पट्टा. त्या मुलीला असं नीट झोपवायला आम्हाला सात-आठ मिनिटं लागली. स्कॅनला लागले काही सेकंद. या सात-आठ मिनिटांना मी सीटीतली सर्वांत महत्त्वाची मिनिटं मानते. अवघडून झोपलेला माणूस हलतो, हलला की चित्र फिसकटतं, फिसकटलं की पुन्हा काढावं लागतं. पुन्हा काढणं म्हणजे सरळ दुप्पट डोस.

कोपरासाठीही हाच न्याय. हात पोटावर ठेवून कोपराचा स्कॅन केला तर किरण आधी पोट भेदतात. पोटाला विनाकारण डोस, कोपराला दाणे, दोन्हीकडून तोटा. पालथं झोपवून हात डोक्यापुढे लांब केला की झोतात फक्त कोपर उरतं.

मग टेबलाची उंची. स्कॅनच्या आधी एक साधा सपाट फोटो निघतो, त्याला स्काउट म्हणतात. त्यातली सावली बघून यंत्र ठरवतं की कुठे किती एमए लागेल. दिव्याजवळ हात नेला की भिंतीवर सावली मोठी पडते. तसंच रुग्ण ट्यूबच्या बाजूला सरकलेला असेल तर स्काउटमध्ये तो फुगलेला दिसतो आणि यंत्र जास्तीचा एमए लावून मोकळं होतं. दोन-तीन सेंटिमीटरची ही चूक डोळ्याला कळतसुद्धा नाही. लेझरची रेघ दंडाच्या बरोबर मधून जाते की नाही, हे वाकून बघावं लागतं.

शेवटचं, कुठे थांबायचं. नेहमीच्या प्रोटोकॉलमध्ये खांद्याच्या वरपासून पात्याच्या हाडाच्या खालच्या टोकाकडे १८-२० सेंटिमीटर घेतात. ‘असू द्या सोबत.’ पण प्रश्न बशीच्या कडेचा होता. बशी संपल्यावर दोन सेंटिमीटर खाली जाऊन आम्ही थांबलो. एकूण १२ सेंटिमीटर भरले. गाळलेले सहा-आठ सेंटिमीटर हे बरोबर स्तनाचे आणि फुप्फुसाचे होते. फोनवरच्या त्या दीड मिनिटाने हे वाचवलं. प्रश्नच माहीत नसता तर थांबायचं कुठे हे कुणी ठरवलं असतं?

अर्थात काटकसरीचाही अतिरेक होतो आणि तोही मला तितकाच खटकतो. पंचविशीतला तरुण दुचाकीवरून पडतो, तळहातावर जोर येतो, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, एक्स-रे स्वच्छ. मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या काजूएवढ्या हाडाला केसासारखी भेग आहे का, हा प्रश्न असतो. ती सुटली तर हाड न जुळण्याचा, त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आणि पुढे मनगटच झिजण्याचा धोका असतो. इथे डोस आहे ०.०३ मिलिसिव्हर्ट. तो दुप्पट केला तरी निसर्गाकडून आठ-नऊ दिवसांत मिळतं तेवढंच. इथे दाणे कमी करण्यासाठी मनमोकळेपणाने एमए द्यावा. ‘कमीत कमी डोस’ हे वाक्य भिंतीवर लावून तेवढ्यावर थांबणाऱ्यांना मी नेहमी सांगते की उत्तर न देणारा स्कॅन हा सर्वांत महाग स्कॅन असतो, कारण त्यातलं सगळंच रेडिएशन वाया गेलेलं असतं.

धातू बसवलेल्या सांध्यांची गोष्ट वेगळी. खुब्यात कोबाल्ट-क्रोमचा गोळा असेल तर त्याच्या पलीकडे फारसं काही पोहोचतच नाही. पांढऱ्या-काळ्या किरणांची सूर्यफुलं उमटतात. टायटॅनियम बरंच सौम्य. इथे केव्ही वाढवावा लागतो, सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते, थोडा जास्त डोस मान्य करावा लागतो. असा रुग्ण बहुधा सत्तरीचा असतो आणि वाटी हाडातून सुटली आहे का, हे कळल्याशिवाय त्याचं चालणं सुधारणार नसतं.

मुलांच्या बाबतीत तराजू उलटा झुकतो. त्यांच्या हातापायांच्या हाडांतही लाल मगज असतो, पेशी वाढत्या असतात आणि पुढे आयुष्य लांब असतं. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा घोटा मुरगळतो तेव्हा वाढीची पट्टी अर्धी बुजलेली, अर्धी उघडी असते, आणि कधीकधी हाड तीन दिशांनी चिरतं. एक्स-रेवर ती चीर फसवी दिसते. सांध्याच्या पृष्ठभागावर फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर सहसा शस्त्रक्रियेचा विचार करतात, नाहीतर प्लास्टरवर भागतं. दोन मिलिमीटर! हे मोजायला किती कमी किरण पुरतात ते केल्याशिवाय विश्वास बसत नाही. मोठ्यांची मांडणी मुलांना लावू नका, हे सांगण्यासाठी २००८ साली अमेरिकेत बालरोग रेडिओलॉजिस्टांनी ‘इमेज जेंटली’ नावाची मोहीम सुरू केली होती. आपल्याकडेही अनेक केंद्रांत मुलांसाठी वेगळे प्रोटोकॉल भरलेले असतात. प्रश्न असतो ते निवडण्याचा.

यंत्रंही सुधारत आहेत, आणि त्यातला एक उपाय मला फार आवडतो. ट्यूबच्या तोंडाशी कथलाचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पातळ पत्रा बसवतात. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ते कथील. झोतातले अशक्त किरण शरीरात शिरून तिथेच जिरतात, चित्रापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणजे डोस देतात आणि काम काही करत नाहीत. कथील त्यांना दारातच अडवतं. हाडाच्या प्रश्नांसाठी याने डोस बराच उतरतो. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फोटॉन मोजणाऱ्या सीटीने तर पुढची मजल मारली आहे. जुन्या यंत्रात फोटॉनचा आधी प्रकाश होतो, मग प्रकाशाची वीज, आणि त्यात काही हरवतं, काही भेसळ होते. नव्यात कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक प्रत्येक थेंब थेट मोजतो. पण अशी यंत्रं अजून फारच थोड्या ठिकाणी आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेने दाणे पुसण्याचं तंत्र मात्र वेगाने पसरलं. मी ते वापरते, जपून वापरते. फार पुसलं की हाड मेणाचं दिसायला लागतं. आतली जाळी बुजते आणि त्या जाळीतली केसभर भेगही. गुळगुळीत चित्र बघताना मन निर्धास्त होतं, तिथेच धोका असतो. थोडे दाणे राहिलेले मला बरे वाटतात.

या सगळ्याला नियमांची चौकटही आहे. मुंबईतल्या अणुशक्तीनगरमध्ये अणुऊर्जा नियामक परिषदेचं कार्यालय आहे. सीटी यंत्र चालवायला त्यांचा परवाना लागतो. आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना त्यांनी मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य नागरिकाला १. रुग्णाला मात्र मर्यादाच नाही. हे ऐकून लोक चमकतात. पण ज्याच्या अंगावर किरण पडतात त्यालाच त्याचा फायदा मिळणार असतो, म्हणून किती पुरे हे कायद्याने न ठरवता डॉक्टरवर सोपवलं आहे. माझ्या छातीवरचा डोस मोजणारा बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो. त्या मुलीच्या छातीवर बॅज नव्हता.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते. गावाकडून माणूस मोठ्या हॉस्पिटलात येतो, हातात आधीच्या स्कॅनच्या तीन फिल्म्स असतात, सीडी नसते. फिल्मवरून पुन्हा काप पाडता येत नाहीत, काही मोजता येत नाही. मग स्कॅन पुन्हा. मागच्या वर्षी एका आजोबांच्या खुब्याचा स्कॅन पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा होताना मी पाहिला. पैसे तीनदा, किरण तीनदा. सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. ती माहिती तुमची आहे.

मुलीचा स्कॅन झाला. पडद्यावर आधी दंडाच्या हाडाचा गोळा बाजूला काढला, म्हणजे बशी समोरून दिसायला लागली. तिचा खालचा भाग निरोगी असेल तर जवळजवळ वर्तुळच असतो. मागच्या आणि खालच्या शाबूत कडेवरून वर्तुळ बसवलं, व्यास आला २६ मिलिमीटर. पुढची कड वर्तुळाच्या आत ४ मिलिमीटरवर संपत होती. १५ टक्के. मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली असती तर आकडा जवळजवळ चार टक्क्यांनी हलला असता. म्हणून बारकावा हवाच होता, तो सोडला नाही. दाणे होते. स्नायूंचा भाग रवा सांडल्यासारखा दिसत होता. हाडाची कड त्यात पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी होती. दुसऱ्या खांद्याशी तुलना करायला त्याचाही स्कॅन करण्याची पद्धत आहे. वर्तुळ नीट बसलं की बऱ्याचदा त्याची गरज पडत नाही. रिपोर्टमध्ये मी आकडा लिहिला आणि खाली त्या स्कॅनचा डोसही लिहिला.

पुढच्या आठवड्यात त्याच ऑर्थो डॉक्टरांकडून एक मुलगा आला, पायाला स्लॅब, वडिलांच्या कडेवर. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘डावा घोटा, वय १३. सांध्यावर फट २ मिमीपेक्षा जास्त आहे का?’ टेक्निशियनने ती वाचली, मुलांच्या प्रोटोकॉलची यादी उघडली आणि मला काही न विचारता मुलाचा पाय नीट मांडायला आत गेला.